स्टँडवरची पिवळी पट्टी

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. असणार कसा? भुताच्या मालिकेत मोठ्या जाऊबाईचं काम करते मी! आमचं भूत म्हणजे लोखंडी स्टँडवर लावलेली पिवळी चिकटपट्टी… तिच्याकडे बघून घाबरायचं. भुताची बाई नंतर कॉम्प्युटरवर घालतात.

त्यातही पट्टीकडे बघायचा मान फक्त केतकीचा, कारण ती हिरॉईन. भूत तिलाच दिसतं. घरातले बाकीचे आम्ही मागे उभे राहून तिच्याकडे बघत घाबरणार. सेटवर जो तो म्हणायचा, "केतकीला खरंच काहीतरी दिसतंय असं वाटतं!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. नाटकात वर्षानुवर्षं घासून आले मी, आणि कौतुक हिचं.

गेल्या मे महिन्यात ती तापाने पडली. चॅनलला द्यायला एकही एपिसोड शिल्लक नव्हता. लेखकाने घाईघाईत सीन फिरवला — भूत आता जाऊबाईला दिसतं! गोरेगावचा सेट, भर दुपार, दिवाणखान्यात लखलखीत लाईट. डिरेक्टर दादा म्हणाले, "वैशू, आज जमवलंस ना, तर चॅनलशी बोलून तुझा ट्रॅक वाढवतो." मालिकेत माझी गोष्ट वाढणार, मला आणखी काय हवं होतं?

ॲक्शन झालं. मी पट्टीकडे पाहिलं… आणि स्टँडच्या जागी बाई उभी. करड्या लुगड्यातली, बारीक चणीची, केस ओले. शपथेवर सांगते. मी किंचाळले नाही, डायलॉगही चुकले नाही. डोक्यात एकच — आता बघाच माझं काम!

पण बाई माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. न राहवून मी वळले. मागे केतकीची रिकामी खुर्ची होती.

"कट! काय यार वैशू, मागे काय बघतेस? वाट लावलीस शॉटची!"

पुन्हा समोर बघते तर नुसती पट्टी. नंतरच्या टेकना ती आलीच नाही, आणि माझंही काही जमेना. शेवटी दादांनी सीन निम्मा कापला. ट्रॅकचं नावही काढलं नाही.

यातलं अवाक्षरही मी कुणाला सांगितलं नव्हतं. मेकअप रूममध्ये येऊन बसले, तर मुलुंडच्या घरून केतकीचा फोन.

"कसा झाला गं सीन?"

"झकास."

मग ती हळूच म्हणाली, "ती दिसली ना तुला?"

"हो…"

"कुणाकडे बघत होती?"

आता खरं सांगायचं ना? पण तोंडातून निघून गेलं, "माझ्याकडे."

मग केतकी म्हणाली, "खोटं नको बोलूस, वैशू. मघाशीच आलीय ती इथे. माझ्या पायथ्याशी बसलीय."

ती बाई कोण, कुठली, मला आजही कळलेलं नाही. भीती वाटली, नाही कशाला म्हणू. पण फोन ठेवल्यावर आधी काय वाटलं सांगू? दोन हातांवर मी उभी होते, मेकअप करून, लाईटमध्ये… तरी तिलाही केतकीच हवी होती.