डबा चालूच ठेवला

ऐकून झाल्यावर मला शहाणपण शिकवायचं नाही, या एकाच अटीवर सांगते. शहाणपण शिकवणारी माणसं आमच्या घरात पुरेशी आहेत. त्यातल्या एकाशी तर माझं लग्नच झालंय.

तर आमचा ओंकार नोकरीला बंगळूरला गेला आणि जाताना आपला गेम खेळायचा डबा म्हैसूरला आमच्या हॉलमध्ये ठेवून गेला. "मला आता कुठे वेळ आहे, आई. टीव्हीला जोडून देतो. कीर्तन बघ, पाककृती बघ, काय हवं ते लाव." म्हणजे ज्या यंत्रावर पोरं लढाया करतात, त्या यंत्रावर मी कोबीची भाजी बघायला लागले. आणि आमचे हे जुन्या क्रिकेटच्या मॅच, ज्यांचा निकाल ह्यांना पाठ आहे.

जाताना ओंकारनं एकच बजावलं होतं. "बंद करताना आधी पडद्यावर जाऊन नीट बंद कर. भिंतीवरचं बटण थेट दाबलंस तर खराब होईल." पडद्यावर कुठे जायचं, तिथून कुठे वळायचं, मग कुठलं चिन्ह दाबायचं, हे त्यानं दोनदा दाखवलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली आणि मनात ठरवून टाकलं, चुकीचा बंद करण्यापेक्षा बंदच न केलेला बरा. जो डबा बंदच होत नाही, तो चुकीचा बंद होईल कसा? दहावीपर्यंतच शिकले मी, पण शिकलेलं असं वाया घालवत नाही.

डबाही आगाऊ होता. थोडा वेळ कुणी हात लावला नाही की आपला आपण झोपायचा. मग मी ओंकारला ऑफिसात फोन करायचे. एका आठवड्यात चौदा फोन झाल्यावर तो रविवारी आला आणि त्यानं डब्याची ती झोपायची सोयच काढून टाकली. त्यानंतर डबा दिवसरात्र जागा. टीव्ही मात्र मी आठवणीनं बंद करायचे हं. विजेची उधळपट्टी मला अजिबात खपत नाही.

जागून जागून डबा तापायला लागला. मग मी टेबलफॅनचं तोंड त्याच्याकडे केलं.

हे म्हणाले, "अगं, मी घामानं निथळतोय. पंखा जरा इकडे वळव."

"तुम्हाला हात आहेत, वर्तमानपत्रानं वारा घ्या. त्याला आहेत का हात?"

असं सगळं सुरळीत चालू असताना ओंकारला म्हैसुरातल्याच नजरबाद भागातल्या रघुनाथरावांच्या मुलीचं स्थळ आलं. रघुनाथरावांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, घोड्यावर बसून आले. आम्ही ह्यांच्या कडकोळच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आलो, सामानाच्या टेम्पोत बसून. पण माणसं साधी. पिढ्यानपिढ्या इथे राहिल्यानं त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, तेवढंच.

मुलगी मेघना कॉलेजात शिकवते. याआधी ओंकारनं अकरा मुली बघून अकरा वेळा "बघू" एवढंच म्हटलं होतं. मेघनाला बघून परत येताना मात्र गाडीत मागच्या सीटवर हा एकटाच खिडकीबाहेर बघून हसत होता. मी आरशात पाहिलं. त्या क्षणी ठरवलं, हे लग्न झालंच पाहिजे.

मेघनाचा भाऊ किशन हाही गेमवाला निघाला. दोघांनी फोन काढून एकमेकांची गेममधली नावं लिहून घेतली. "खेळू कधीतरी," म्हणाले. मला वाटलं, वा, मेहुण्याशी आत्तापासूनच जमलं.

दहा दिवसांनी रघुनाथराव एकटेच आमच्या दारात. "सुम्मने आलो, वैनी," म्हणाले. म्हणजे सहजच. मुलीचा बाप सहज कधी येत नाही, एवढं मला कळतं. मी आलं घालून चहा केला.

"ओंकार कसा आहे? फार बिझी असतो काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आली संधी, मुलाची मेहनत कानावर घालू. "बिझी? भाऊसाहेब, घरी आला तरी तो एकदा बसला की बसला. जेवायलासुद्धा उठत नाही."

त्यांचा कप बशीवर टेकला. "हौदा? खरंच?"

"रात्री दोन-दोन वाजतात. सकाळी डोळे उघडले की पुन्हा तेच."

"आणि तुम्ही त्याला स्वल्प काही सांगत नाही?"

"का सांगू? लहानपणापासूनची आवड आहे. आम्ही कधी अडवलं नाही. आता मेघनालाही सवय होईल."

"तिला?"

"हो की. ताट तिथेच नेऊन द्यायचं. हातातलं सोडून तो काही उठणार नाही. मी तरी तेच करत आले."

रघुनाथरावांनी अर्धा चहा तसाच ठेवला. मग "एनु माडोदु," असं पुटपुटत उठले. काय करणार, असा त्याचा अर्थ. मला वाटलं, होणाऱ्या जावयाचे कष्ट ऐकून माणूस हेलावला. संध्याकाळी हे आल्या आल्या मी सांगितलं, "मी एकटीनं सोयरीक पक्की केली."

दुसऱ्या दिवशी ह्यांना रघुनाथरावांचा फोन आला. हे नुसतं "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवून माझ्याकडे वळले.

"त्यांचा नकार आहे. मुलगा चोवीस तास गेम खेळतो म्हणे. तू त्यांच्यापुढे कबूल काय केलंस?"

"मी? मी तर ऑफिसच्या कामाबद्दल सांगत होते."

"त्यांनी ऑफिसचं विचारलं होतं?"

आता एवढं बारीक कुणाच्या लक्षात राहतं? मी ओंकारला फोन लावला. तो म्हणाला, "आई, बंगळूरला आल्यापासून मी एकदाही खेळलो नाही. खेळू कशावर? डबा तुझ्याकडे आहे." पण एवढे मोठे लोक उगाच नकार देतील का? मला माझ्या पोटच्या मुलापेक्षा त्यांच्या नकारावर जास्त विश्वास बसला. नक्की यानं दुसरा डबा घेऊन लपवला असणार.

शनिवारी सकाळच्या गाडीनं मी न कळवता बंगळूरला गेले. ओंकारची खोली उलटीपालटी केली. कपाट उपसलं, गाद्या उचलल्या, त्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्राला उठवून त्याच्या उशीखालीसुद्धा पाहिलं. पलंगाखाली नऊ मोजे सापडले, एकाचाही जोडीदार नाही. डबा कुठेच नाही.

"पटलं आता?" ओंकार म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "मला आवडली होती ती, आई."

झालं. म्हटलं, चल ऊठ. तसाच त्याला घेऊन परतीची गाडी पकडली, ह्यांना स्टँडवर बोलावून घेतलं आणि तिघं थेट नजरबादला. घरी पाय धुवायलासुद्धा गेलो नाही.

रघुनाथराव सज्जन. नकार दिलेल्या पाहुण्यांपुढेही त्यांनी केसरीबात, म्हणजे आपला केशरी शिरा, ठेवला. मी बशीला हात लावला नाही.

"भाऊसाहेब, मी याच्या खोलीची झडती घेऊन आलेय. गेमचा डबा नाही, काही नाही. माझ्या मुलावर उगाच आळ घेऊ नका."

किशननं आपला फोन माझ्यापुढे धरला. "काकू, राग मानू नका. हे ओंकारचं नाव. त्याचा गेम चालू असला की नावापुढे हा हिरवा ठिपका दिसतो. मी सकाळी बघितलं, दुपारी बघितलं, झोपताना बघितलं. एकदाही विझला नाही. आत्तासुद्धा आहे बघा."

मी ठिपक्याकडे पाहिलं. ओंकारकडे पाहिलं. ओंकारच्या एका हातात बशी, दुसऱ्या हातात चमचा. तरी ठिपका हिरवागार.

मला दरदरून घाम फुटला. "म्हणजे याच्या नावावर कुणीतरी भामटा खेळतोय. अहो, उठा. आधी पोलिसांत जाऊ."

हे उठलेसुद्धा. रघुनाथराव म्हणाले, "ठाण्यात माझ्या ओळखीचे आहेत, मी पण येतो." चप्पल घालण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा ओंकारनं चमचा खाली ठेवला. खूप हळू.

"आई, घरातून निघताना डबा बंद केला होतास?"

"टीव्ही बंद केला होता."

"डबा, आई. तो माझ्याच नावानं चालू होतो."

"डबा कशाला बंद करू? मी तो कधीच बंद करत नाही. पंखा लावून आलेय त्याला."

किशननं एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंडावर हात ठेवून आत निघून गेला.

रघुनाथराव पुन्हा खुर्चीत बसले. "म्हणजे दहा दिवस माझा मुलगा ज्यांच्यावर पाळत ठेवून होता, त्या वैनी?"

"तसंच दिसतंय," हे म्हणाले. आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता.

आता ही माणसं काय म्हणतील? असल्या बाईच्या घरात कोण मुलगी देईल? मी जमिनीकडे बघत बसले. तेवढ्यात आतून मेघनाच बाहेर आली. किशननं तिला सगळं सांगितलं असणार, कारण तिचे डोळे हसून ओले झाले होते.

"बाबा, माझा होकार आहे," ती म्हणाली. "ओंकार तर चांगला आहेच. पण सासूबाई सकाळपासून रात्रीपर्यंत त्या डब्यापुढे बसलेल्या असतात, हे कळल्यावर आणखी काय बघायचं? माझ्या मागे लागायला त्यांना वेळच कुठे आहे?"

रघुनाथराव खो खो हसले. मी सांगायला तोंड उघडलं, की अगं बाई, मी दिवसातून जेमतेम तासभर बघते, एरवी टीव्ही बंद असतो, डबा आपला नुसताच चालू असतो. ह्यांनी माझा हात घट्ट दाबला.

"गप्प बस," कानाशी म्हणाले. "हातातलं स्थळ जाईल."

मी गप्प बसले. आता लग्न दोन महिन्यांवर आलंय. डबा नीट बंद कसा करायचा, ते मी ओंकारकडून व्यवस्थित शिकून घेतलंय. पण बंद करायची हिंमत होत नाही. किशन अजून अधूनमधून बघतो म्हणे, आणि ठिपका विझला तर नजरबादला वाटायचं, सासू मोकळी झाली.