आधी स्वतःच्या नाकावर

बाजार समितीच्या रस्त्याला बैलांच्या म्होरक्या शिवणारे काका मूळचे मंगळवेढ्याचे. म्होरकी म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधायचा पट्टा. काका तो आधी स्वतःच्या नाकावर ओढून बघतात, आणि तसेच गिऱ्हाइकाशी बोलत बसतात!

आमचा सोन्या म्हणजे बेचाळीस किलोंचं कुत्रं. मागच्या महिन्यात त्यानं मला तलावाच्या कडेनं फरफटत नेलं आणि घरात त्याला शेतावर पाठवायची भाषा सुरू झाली. कुत्र्यांनाही असा तोंडाचा पट्टा घालतात असं कळलं, तशी मी सोन्याला घेऊन थेट काकांकडे गेले.

"गळ्याला दोरी बांधून बैल वळतोय व्हय? तोंड वळलं की अंग वळतंय," काका म्हणाले. त्यांनी सुतळीनं माप घेतलं, पट्टा शिवला, नाकावर ओढला आणि "काचतंय की" म्हणत उसवला. असं तीनदा! शेवटी आतून जुन्या, मऊ चादरीचं अस्तर लावलं. मग पट्ट्यातून भाकरीचा तुकडा दाखवला, तर सोन्यानं आपणहून नाक आत घातलं!

मी घाईनं पट्ट्याला बांधलेली दोरी ओढली.

"ताई, झटका न्हाय! मान हाय ती!" काका पहिल्यांदाच ओरडले.

मी हात सैल सोडला आणि सोन्या चालला! बाजार समितीच्या फाटकापर्यंत, माझ्या गुडघ्याला लागून, एकदाही न ओढता! "काका, चालतोय! चालतोय!" मी भर रस्त्यात ओरडत होते.

परत येऊन पट्टा काढला. सोन्याच्या नाकावर साधी खूणही नव्हती. काकांच्या नाकावर तीन लाल वळ होते.