काळं घर

पोस्टर कलरचा वास आला की सौंसरच्या शाळेतला एक तास आठवतो. दुसरीच्या मुलांना मी एका चित्रकाराची गोष्ट सांगितली. लहानपणी आजारपणात तो खोलीतच अडकला, म्हणून वस्तू न काढता नुसत्या रंगांतून मन मांडायला शिकला. मग मुलांनीही स्पंजनं रंग थापले. एका मुलीनं अख्खा कागद काळा केला. मी विचारलं, "काय काढून राहिली गं?" "घर. माय कापूस येचाले जाते नं, मले आत ठेवून, बाहेरून कडी लावून, तवाचं." तेवढ्यात हेडमास्तर आले. "मॅडम, उद्या तपासणीले साहेब येऊन राहिले. घर नीट काढाले लावा." मला नाही म्हणता आलं नाही. मी तिला कोरा कागद दिला. तिनं दार, खिडकी, सूर्य काढला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कौतुक केलं, मीही हसले. तिनं काळं घर काढलं त्याच संध्याकाळी तिच्या मायला भेटायला हवं होतं, हे आज कळतं.