आमच्या दूध संस्थेतला ‘पास’

“मामी, आता वाद कावून? ठराव पास झालाय,” सेक्रेटरी मला म्हणाला.

“कवा झाला? आमी सगळ्या बाया हितंच बसलोत. आमच्या समोरून तर गेला न्हाई.”

गावच्या महिला दूध संस्थेत हे भांडण जुंपलं, तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. टँकरचं पाणी संस्थेपुढच्या हौदात पडायचं आणि गावची जनावरं त्यावर जगायची. चेअरमनला ते पाणी सभागृहाच्या बांधकामाला हवं होतं. संस्था महिलांची, चेअरमन मात्र अण्णा! कागदावर त्यांची बायको, ती सहीपुरती.

मी शाळा बघितली नाही. पेंडीच्या पोत्यांवरची अक्षरं लावत वाचायला शिकले. म्हणून कुणी इंग्रजी शब्द तोंडावर फेकला, की मी तो उलटापालटा करून बघते. ‘पास’ची तर आमच्या संस्थेत रास साचलीय.

*

दूध तपासायला साहेब आला. हिरवा चारा नाही, दूध पातळ. आमच्यातल्या कौसाच्या म्हशीचं दूध बघून म्हणाला, “हे पास होत नाही.”

कौसानं हात जोडून विचारलं, “मग म्हशीला पुढच्या वर्षी परत बसवू का?”

साहेब लिहिता लिहिता थांबला. त्याला वाटलं, बाई अडाणी आहे. कौसा घरी जाईपर्यंत हसत होती.

*

चारा छावणीत जनावर बांधायला पास लागायचा. माझी गाय दोनदा फाटकावरून परत आली. अण्णांच्या गोठ्यात तेव्हा शेपूट म्हणून नव्हतं, पण पेंढ्या रोज घरी जायच्या. आमच्या गाईला पास न्हाई, अण्णांच्या पासाला गाय न्हाई!

*

अण्णांचे मामा अंबाजोगाईला तपासण्या करायला गेलते. तिथून त्यांच्या शिकलेल्या जावयाचा संस्थेत फोन आला. सेक्रेटरीनं घेतला. जावई इंग्रजीत रडत होता. त्यातलं एकच ह्याला कळलं: मामा पास!

सगळ्या तपासण्यांत पास झाले म्हणून हा पेढे घेऊन अण्णांच्या दारात. तिथं खरी बातमी आधीच पोचलेली, आत बायका हंबरडा फोडत होत्या. पुडा मांडीखाली दाबून हा दुखवट्याला बसला. उठायची चोरी! सांजेपर्यंत बसून होता. अण्णा आजही सांगतात, सेक्रेटरीइतकं दुःख कुणालाच झालं नाही.

*

तर त्या दिवशी सेक्रेटरीनं वही उघडून दाखवली. हजेरीचे म्हणून कोऱ्या पानावर घेतलेले आमचे अंगठे बरोब्बर ठरावाखाली उमटले होते. कौसाची म्हैस नुकती व्यालेली. हौद बंद झाला तर तिला बाजार दाखवण्यावाचून गत नव्हती. कौसा वहीकडं बघतच राहिली. हसली नाही.

अण्णा खुर्चीतून उठले. म्हणाले, कायद्यानं पास म्हणजे पास, उद्यापासून हौद बंद, चला घरी.

बाया पदर सावरून उठायला लागल्या. मी बसूनच बोलले. त्यावर अण्णांनी वही मिटली आणि हौदाचं नाव परत काढलं नाही.

“बरं अण्णा, ठराव पास झाला म्हणता, तर उद्या सकाळी कासंडी घेऊन त्याच्याच खाली धारेला बसा.”