सासूबाईंचं नाक आणि मजल्याचा मसाला

आमच्या घोडपदेवच्या चाळीत मजल्याचा मसाला माझ्या सासूबाईंच्या नाकावर ठरतो. उन्हाळ्यात बायका लालबागहून मिरच्या, धणे, दगडफूल आणतात, गच्चीवर वाळवतात, पण भाजायचं सासूबाईंच्या देखरेखीखालीच. त्या कढईवर वाकून वास घेतात आणि हुकूम सोडतात, "उतरव." नुसत्या डोळ्यांनी मसाला भाजणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही. माझ्यावर तर मुळीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात मिरच्या गच्चीवर असतानाच त्यांचं सायनस भरलं. कपाळ ठणकायला लागलं, गाल जड झाले आणि वास पार गेला. मी त्यांना नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "बहुतेक व्हायरल आहे, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. वाफ घ्या, मी देतो त्या मिठाच्या पाण्याने नाक धुवा. आठ-दहा दिवसांत उतरलं नाही, जोराचा ताप आला किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं तर लगेच या. मग बघू."

सासूबाई जिन्यातच आपल्या मालवणीत कडाडल्या, "एवढो शिकलो, पण गोळी काय देणा नाय! वाफ घेऊक डॉक्टर कशाक व्हयो?"

संध्याकाळी शेजारीण अर्धी संपलेली कॅप्सूलची पट्टी घेऊन हजर. आमच्या मजल्यावर वाटीभर साखर आणि उरलेली औषधं सारख्याच मोकळेपणाने फिरतात. "माझ्या दाढेला दोनातच आराम पडला, मावशी. बाकीच्या तुम्ही घ्या," ती म्हणाली. तिच्या मनात मायाच होती, पण माझा पारा चढला. "दुसऱ्याचं औषध, दुसऱ्याच दुखण्याचं, तेही अर्धंमुर्धं! काही घ्यायचं नाही," म्हणत मी पट्टी काढून घेतली. सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला.

तो दुसऱ्या दिवशी वाफ घेताना सुटला. टॉवेलखालून बारीक आवाज आला, "गो, करोनात वास गेल्लो, तो किती महिन्यांनी इलो. आता परत नाय इलो तर?"

कुणाला भीक न घालणारी ही बाई टॉवेलखाली घाबरून बसली होती. मला इतकं भरून आलं की ती पट्टी देऊन टाकावीशी वाटली. दिली नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "थांबू या, आई. मिरच्या कुठे पळून जातायत?"

मिरच्या थांबल्या, बायकाही थांबल्या. दुसऱ्या कुणाकडून मसाला भाजून घ्यायचं एकीच्याही मनात आलं नाही. सासूबाईंचं कपाळ हळूहळू हलकं झालं. नाक मात्र ढिम्म. शेजारीण रोज चौकशी करायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू मीच तो वास लपवून ठेवलाय. खरं सांगायचं तर मीही आतून धास्तावले होते.

एका सकाळी सासूबाई गॅलरीत केस विंचरत होत्या. मध्येच फणी थांबली. मान वर करून त्यांनी एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि शेजारच्या दाराकडे तोंड करून गरजल्या, "गो बाय, सुके बोंबील करपले तुझे! लक्ष खंय आसा?"

शेजारीण उलथनं घेऊन बाहेर धावली. गॅस बंद करायचंही तिला सुचलं नव्हतं.

"करपू देत, मावशी," ती रडत-हसत म्हणाली, "सगळे करपू देत!"