भुलेश्वरच्या टेकडीवर बाबा हरवले तेव्हा

देव आहे की नाही, या प्रश्नाने मी कधी झोप घालवली नव्हती. घरात देव्हारा होता, रोज दिवा लागत होता, एवढंच. पण बाबांचा विसराळूपणा वाढत गेला आणि डॉक्टरांनी त्याला आजाराचं नाव दिलं, तेव्हापासून दिवा लावताना माझा हात नुसता सवयीने चालायचा. बाबा चित्रकलेचे शिक्षक. जन्मभर मुलांना नीट बघायला शिकवलं, आणि आता त्यांना आमच्या वाघोलीच्या फ्लॅटमधलं बाथरूम सापडत नव्हतं. ज्या माणसाने कोणाचं वाईट चिंतलं नाही त्याच्या वाट्याला हे का, असं मी देवाला विचारायची. उत्तर काही यायचं नाही. मग मी बंदोबस्तच वाढवत गेले. दाराला वरची कडी, खिशात आमच्या फोन नंबरची चिठ्ठी, आणि बाबा काही चुकीचं बोलले की लगेच दुरुस्ती. आई कुठे गेली विचारलं, तर आई वारली हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगायची. सांगितलं की त्यांचा चेहरा दर वेळी नव्याने पडायचा.

त्यांनी अचानक जेजुरीचा ध्यास घेतला. माझ्या मनात जायचं नव्हतं, पण यजमान म्हणाले, "मागतायत तर जाऊ या. पुढच्या वर्षी मागतील की नाही, कोणास ठाऊक." म्हणून आम्ही तिघं निघालो. गडावर बसत-उठत दर्शन झालं. उधळलेला भंडारा बाबांच्या अंगावर इतका पडला, की खाली आल्यावर गाडीत मी त्यांचा शर्ट बदलला. परतताना यजमानांनी सुचवलं की भुलेश्वरला जाऊ आणि तिथून यवतला उतरून घरी जाऊ. बाबा नोकरीत असताना मुलांना तिथली शिल्पं काढायला न्यायचे.

टेकडीवर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. सुट्टीचा दिवस नव्हता, त्यामुळे गर्दी नव्हती. आतल्या अंधाऱ्या प्रदक्षिणेच्या वाटेवर बाबा एका भग्न मूर्तीसमोर थांबले आणि अगदी वर्गात उभे असल्यासारखे बोलू लागले. "समोरून बघू नकोस. उजेड बाजूने येतोय, तू बाजूला हो. आता बघ, दगडाची कशी कातडी होते." सकाळी काय खाल्लं ते न आठवणारा हा माणूस मला त्या मूर्तीच्या बोटांची ठेवण समजावत होता. कितीतरी महिन्यांनी मला माझे बाबा भेटले होते. माझे डोळे भरून आले. ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी गाभाऱ्याकडे वळले, गुरवांच्या हातून प्रसाद घेतला आणि दोन शब्द बोलून बाहेर आले. यजमान पायऱ्यांशी उभे होते.

"अहो, बाबा कुठेत?"

"तुझ्याबरोबर होते ना? मी गाडी जवळ आणायला गेलो होतो."

आम्ही पुन्हा आत धावलो. त्या दगडी वाटेत हाक मारली की ती भिंतींवर आपटून परत यायची आणि मला वाटायचं बाबांनीच ओ दिली. एकेका खांबाआड बघितलं. बाहेर येऊन जुन्या तटाच्या कडेने फिरलो. खाली वाळलेलं गवत, मोठमोठे दगड आणि उतार. दर खेपेला वाकून बघताना मी आधी डोळे मिटायची. गुरवही आमच्याबरोबर शोधत होते. ते धापा टाकत आले आणि म्हणाले, "ताई, आत नाहीत. मागच्या अंगालाबी नाहीत. खाली उतरले असतील बघा." तेव्हा मला आठवलं, नंबरची चिठ्ठी जेजुरीला काढलेल्या शर्टाच्या खिशात राहिली होती. बाबांना स्वतःचा पत्ता सांगता येत नव्हता. कधीकधी नावसुद्धा.

यजमान गाडी घेऊन खाली गेले. बाबा परत फिरले तर कोणीतरी इथे हवं, म्हणून मी वर थांबले. टेकडीचा रस्ता खाली जाऊन दोन बाजूंना फुटतो. यजमान यवतच्या बाजूला वळले होते. काही वेळाने त्यांचा फोन आला, मध्येमध्ये आवाज तुटत होता. एवढंच कळलं, की कोणी पाहिलेलं नाही. ऊन आणखी खाली गेलं. बाबांच्या गोळीची वेळ टळून गेली होती. दुपारपासून ते पाणी प्यायले नव्हते. मी पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. हाका मारून घसा बसला. शेवटी पायच चालेनात, तेव्हा मी आत जाऊन गाभाऱ्यासमोर बसले.

मला नवस बोलता आला नाही. कुठला मंत्रही आठवला नाही. कडी, चिठ्ठी, गोळ्या, दुरुस्त्या, मला जे जे येत होतं ते सगळं करून संपलं होतं. मी पिंडीकडे बघत हळूच म्हणाले, "मला आता जमत नाही. ते तुझेही आहेत. तूच बघ." एवढंच. बोलले, आणि आतून काहीतरी सैल झालं. भीती गेली नव्हती, पण तिच्याशी चाललेली माझी झटापट थांबली होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग बाहेर एका वाहनाचा आवाज आला. आमच्या गाडीचा नव्हता.

एक भाजीचा टेम्पो देवळाच्या पायऱ्यांशी उभा होता. पुढे चालकाच्या जागी एक वयस्कर गृहस्थ, आणि त्यांच्या शेजारून हिरव्या लुगड्यातल्या एक बाई बाबांना हाताला धरून उतरवत होत्या. बाबांच्या चपलेचा पट्टा तुटला होता, पायाला माती होती. बाकी ते स्वस्थ होते. मी धावत जाऊन त्यांना घट्ट धरलं. ते जरा संकोचून त्या बाईंना म्हणाले, "अक्का, ही मुलगी का रडतेय?"

अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला जाऊन खूप वर्षं झाली. मी सवयीने तोंड उघडलं, तेवढ्यात त्या बाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि बाबांना म्हणाल्या, "दमलीय रं ती. तू बस हितं पायरीवर."

बाबांना पाणी देऊन त्या माझ्याकडे आल्या. "रस्त्याच्या कडेला बसलं होतं म्हातारं. आमी थांबलो तर म्हनलं, अक्का आली का? कुनाची अक्का, मला काय ठावं. पन मी नाही म्हनले असते तर ते गाडीत बसलं नसतं. म्हनून म्हनले, हां, आले, चल."

"पण इथे वर कसं आणलंत?"

"कपाळाला भंडारा दिसला. जेजुरीवरनं आल्यालं मानूस, मंजी म्हागारी भुलेश्वराला आलं असंल, आन् घरचंबी हितंच असत्याल. आमी या रस्त्यानं जातबी नाही कधी. आज खालच्या वाटंला खोदकाम काढलंय, म्हून वळलो."

मी त्यांचं नाव विचारलं. मी घरी या म्हणाले, निदान चहा तरी घ्या म्हणाले. त्यांचे यजमान नुसते हसले आणि माल पोचवायचा आहे म्हणून गाडी सुरू केली. मी वाकून त्यांच्या पाया पडले, तेव्हा त्या चटकन मागे सरल्या. "माझ्या नगं, त्याच्या पड," म्हणून त्यांनी देवळाकडे हात केला. टेम्पो वळणाआड गेला, आणि मग माझे यजमान आले. ते बाबांच्या शेजारी पायरीवर बसून राहिले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून.

त्या रस्त्याला काम निघायला आणि टेम्पो वळायला काय कारण झालं, याचा शोध मी घेतला नाही. योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. जी गोष्ट मला दोन वर्षांत सुचली नाही ती त्या बाईंनी सहज केली. त्यांनी बाबांना आपल्या जगात ओढलं नाही, त्या बाबांच्या जगात गेल्या आणि त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. देव कसा वागत असेल असं मला कोणी विचारलं, तर मी एवढंच सांगेन.

परतताना लोणी काळभोरच्या अलीकडे चहाला थांबलो. बाबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि माझ्याकडे निरखून बघत विचारलं, "तू कोणाची गं?"

आधीची मी असते, तर नाव सांगितलं असतं, नातं सांगितलं असतं, आणि ते आठवत नाही म्हणून घाबरलेलं त्यांचं तोंड बघत बसले असते. मी म्हणाले, "तुमचीच."

"मग बरं," बाबा म्हणाले, आणि निवांतपणे चहा पिऊ लागले.