बुद्धाच्या गालाची भुकटी

ग्योंगजू शहराजवळच्या डोंगरात कड्यात खोदलेलं एक लहानसं देऊळ आहे. आतल्या दगडी बुद्धाचा चेहरा वर्षाला किती झिजतो, हे मोजण्यात योम मि-रानची वीस वर्षं गेली. भूरूपशास्त्र शिकलेली बाई, देवाधर्मातली नव्हे. पण बुद्धजयंतीच्या आधी दर वसंतात न चुकता यायची. पावसाचा मारा थांबवायला देवळाच्या तोंडाशी काचेची दारं लावा, असं सरकारी कचेरीला तिनेच लिहून दिलेलं. दारांना बारा वर्षं झाली, आणि या खेपेला डाव्या गालाचा पापुद्राच तिच्या हातात आला.

कचेरीने कारण आधीच ठरवून टाकलं होतं: पूजेला येणाऱ्या गावातल्या बायकांच्या मेणबत्त्यांचा धूर. हिने फक्त सही करायची, की बायकांना देऊळ बंद.

रोजची झाडलोट करणारी तोक-सून आजी पायरीवर मुळा चिरत होती. "डॉक्टरबाई, रोगी दगावला वाटतं तुमचा," ती म्हणाली. मि-रानने मेणबत्त्यांचं विचारलं, तर दहा वर्षांपूर्वी तुम्हीच ओरडलात तेव्हापासून एकही लावली नाही, असं उत्तर आलं. मग जरा घुटमळत आजीने एक बरणी पुढे ठेवली. आत कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर तारीख. सगळ्या पावसाळ्यातल्या.

पावसाळ्यात त्या बंद दारांआड बुद्ध घामाने निथळायचा. देव आपल्यासाठी रडतो, असं समजून बायका मऊ फडक्याने त्याचं तोंड पुसत, आणि फडक्यावर उतरलेली भुकटी प्रसाद म्हणून जपत.

"मला का नाही सांगितलंत, आजी?"

"एकदा हसला होतात आम्हाला. पुन्हा कोण सांगतंय?"

कोरड्या दगडावर मापं नीट येतात म्हणून मि-रान पावसाळ्यात कधी फिरकलीच नव्हती.

तिने अहवालात खरं तेच लिहिलं. दारांनी दमट हवा कोंडली, दारं मी मागितली, ती काढा. पुसण्याचंही लिहावं लागलं. ते गाळलं असतं तर अहवाल अर्धा राहिला असता. कचेरीने दारांचा विषय समितीकडे ढकलला. पुसण्याचा मात्र आठवड्यात निकाल लावला: बायकांना मनाई, किल्ली डॉक्टरबाईंकडे.

आषाढी पावसात मि-रान पहिल्यांदाच वर आली. काचेमागे बुद्धाच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. पुसलं तर गाल जाणार, नाही पुसलं तर पाण्यातले क्षार दगड आतून फोडणार.

छत्री धरून आजी बाहेर उभी होती. मि-रानने किल्ली पुढे केली. आजीने हात पुढे केला नाही.

"नको बाई. तुमची दारं, तुमची किल्ली. आता तुम्हीच बघा त्याचं," एवढं बोलून ती पायऱ्या उतरू लागली.